महासत्तांमधील तणाव आणि गिरणगावचे लोकमत : नायगावच्या अनुषंगाने

जगातील प्रबळ राष्ट्रांमधील स्पर्धेला शत्रुत्वाचे रूप येऊ लागले म्हणजे त्याविषयी सर्वसामान्य लोकांस काय वाटते, हा राज्यशास्त्र व समाजशास्त्र यांच्या अभ्यासकांपुढील एक जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर देताना बहुधा वृत्तपत्रांतील अग्रलेख, विधिमंडळांतील भाषणे आणि परिषदांतील ठराव यांचा आधार घेण्यात येतो. ही साधने टाकाऊ नव्हेत. परंतु ज्यांच्या हाती लेखणी किंवा व्यासपीठ आहे त्यांचेच मत ती सांगतात. गिरणीतील पाळी संपवून जो खोलीवर परततो, अथवा शिधापत्रिका घेऊन जी रांगेत उभी राहते, त्यांचे मत या साधनांतून अप्रत्यक्षपणेच हाती लागते. असे मत मुळात असते काय, असल्यास ते कशातून घडते, आणि ते त्यांचे स्वतःचे म्हणता येईल काय, या प्रश्नांचा विचार मुंबईतील नायगाव या एका वस्तीच्या अनुषंगाने करण्याचे येथे योजिले आहे.

नायगाव हे दादरच्या पूर्वेस, परळ, भोईवाडा, शिवडी व वडाळा यांच्या मध्ये वसलेले आहे. कोहिनूर आणि स्प्रिंग या गिरण्या याच परिसरातल्या. सशस्त्र पोलिसांचे मुख्यालय येथे आहे, आणि १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तूही येथेच आहे. परंतु या वस्तीला तिचे रूप दिले ते मुंबई विकास खात्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधलेल्या चाळींनी. बी. डी. डी. चाळी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इमारती वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी अशा चार ठिकाणी उभारण्यात आल्या. त्यांपैकी ४२ नायगावात होत्या. तळमजला व त्यावर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि नळ व संडास सामाईक, अशी त्यांची रचना. कोकणातून व घाटावरून आलेले गिरणी कामगार, गोदीतील व नगरपालिकेचे कामगार, पोलीस शिपाई, आणि पूर्वी अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांतील असंख्य कुटुंबे येथे राहिली. अशा चाळीत एकांत मिळत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याचे दुसरे अंग असे की, तेथे वर्तमानपत्र एकट्यासाठी वाचले जात नाही. वाचता येणारा मोठ्याने वाचतो, न येणारे ऐकतात, आणि मत बनते ते गॅलरीत. मतांचा अभ्यास करणाऱ्याने ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेविली पाहिजे.

आपल्या देशात लोकमताची शास्त्रीय मोजणी तशी उशिराच सुरू झाली. एरिक दा कोस्टा यांनी दिल्लीत स्थापिलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन या संस्थेने १९५५ च्या सुमारास मासिक चाचण्या प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्याविषयी लोकांस काय वाटते हा त्या चाचण्यांतील एक नित्याचा विषय होता, आणि परराष्ट्रीय प्रश्नांसंबंधीच्या अनेक चाचण्या ज्या महानगरांत घेतल्या गेल्या त्यांत मुंबईचा समावेश होता. या चाचण्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही त्यांची पद्धत व्यक्तीला एकटे गाठून प्रश्न विचारण्याची होती, आणि ज्या मताची घडण दहा जणांच्या बोलण्यात होते ते एकट्याच्या तोंडून तसेच बाहेर येईल असे नाही. शिवाय “अमेरिका आवडते की रशिया?” या प्रश्नाला उत्तर देणे आणि त्या उत्तरापायी एका दिवसाचा पगार सोडणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. गिरणगावात दुसऱ्या प्रकारच्या उत्तराचीही उदाहरणे आहेत. म्हणून चाचणीपेक्षा संप, सभा, पोवाडा, मतपेटी आणि शिधावाटपाचे दुकान ही साधने येथे अधिक बोलकी ठरतात.

पहिले उदाहरण १९३९ चे. ३ सप्टेंबरला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉयने हिंदी लोकप्रतिनिधींस न विचारता हिंदुस्थानलाही युद्धात ओढले. त्यानंतर महिना पुरा होण्याच्या आतच, २ ऑक्टोबर १९३९ रोजी, लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनच्या हाकेवरून मुंबईच्या सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला. पगारवाढीची अथवा बोनसाची मागणी या संपात पुढे केलेली नव्हती. साम्राज्यशाहीच्या युद्धाला विरोध एवढाच त्याचा विषय होता. युद्ध सुरू होताच कामगारांनी अशा प्रकारे राजकीय संप केल्याची उदाहरणे त्या वेळी जगात अन्यत्र फारशी नव्हती. हा संप केवळ पुढाऱ्यांच्या आज्ञेने झाला असे म्हणून त्याची वासलात लावणे सोपे आहे. परंतु गिरणगावात पुढाऱ्यांची आज्ञा नेहमीच पाळली जात असे, असा अनुभव नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस महागाईने झालेली होरपळ आणि तिच्यामागून आलेला जानेवारी १९१९ चा सार्वत्रिक संप यांच्या आठवणी वडीलधाऱ्यांच्या मनात ताज्या होत्या. युद्ध म्हणजे धान्याची व कापडाची महागाई, हे समीकरण सिद्ध करून दाखविण्यास कोणा वक्त्याची गरज नव्हती. पुढे तसेच घडले. भाव चढले, आणि मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी झालेला सार्वत्रिक संप सुमारे चाळीस दिवस चालला.

येथे महागाई भत्त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे. कारण माझ्या मते जागतिक राजकारण आणि नायगावची खोली यांना जोडणारा सर्वांत बळकट धागा तोच होय. मुंबई सरकारचे लेबर ऑफिस कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक दरमहा काढीत असे. जुलै १९३३ ते जून १९३४ या वर्षातील खर्च १०० धरून हे अंक दिले जात. युद्धकाळात गिरण्यांतील भत्ता या निर्देशांकाशी निगडित झाला. १९३९ च्या ऑगस्टपासून १९४४ पर्यंत हा अंक दुपटीच्याही वर गेला. ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि तेथून येणारा तांदूळ थांबला, याची बातमी रेडिओवरून ज्याच्यापर्यंत पोहोचली नसेल त्याच्यापर्यंतही ती वाण्याच्या दुकानातून पोहोचली. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि कोकणातल्या भात खाणाऱ्या माणसाला कार्डावर मिळेल ते धान्य शिजवून खाण्याची सवय करावी लागली. निर्देशांक हा शब्द इतर शहरांत अर्थशास्त्राच्या पदवीधरांपुरताच राहिला असेल. गिरणगावात तो अर्धशिक्षित मनुष्यही सहज उच्चारीत असे. भत्ता किती पडणार हे त्यावर ठरत असल्यामुळे जगातील घडामोडींचा परिणाम जवळजवळ पगाराच्या पाकिटात मोजून मिळत होता.

युद्धाच्या पहिल्या तीन वर्षांत नायगावच्या रहिवाशापुढे किती परस्परविरोधी मते मांडली जात होती, याची कल्पना भूगोलावरून येते. दक्षिणेस परळला लाल बावट्याची युनियन. तिच्या मते हे साम्राज्यशाहीचे युद्ध होते. वायव्येस, चालत जाण्याइतक्या अंतरावर, हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निवासस्थान होते. नाझी जर्मनीचा विजय हा जगातील स्वातंत्र्याचा व समतेचा अंत ठरेल, अशी त्यांची धारणा होती; जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सदस्य झाले. १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, आणि नायगावच्या चाळींत लष्कर हा शब्द अनेक घरांना पिढ्यांपासून परिचित होता. तेथून पश्चिमेस रेल्वे ओलांडली की शिवाजी पार्कला बॅ. सावरकर राहत होते. हिंदूंच्या सैनिकीकरणासाठी भरतीची हाक ते देत होते. सैन्यभरतीच्या बाबतीत त्यांची व डॉ. आंबेडकरांची भूमिका वरवर सारखी दिसली तरी त्यामागील कारणे सर्वस्वी निराळी होती. काँग्रेसने मंत्रिपदे सोडली होती, आणि ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. एका लहानशा वस्तीला चार बाजूंनी चार जागतिक दृष्टिकोन असे खेटून उभे राहिल्याचे उदाहरण आपल्या इकडे विरळाच सापडेल.

याच काळात लाल बावट्याची भूमिका बदलली, आणि लोकमत हे लोकांचे की पक्षाचे हा आपला मूळ प्रश्न येथे तीव्र होतो. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर स्वारी केली. काही महिन्यांच्या अंतर्गत वादानंतर कम्युनिस्ट पक्षाने त्याच युद्धाला लोकयुद्ध म्हणण्यास प्रारंभ केला. जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली आणि ‘लोकयुद्ध’ या नावाचे मराठी साप्ताहिक निघू लागले. ज्या कामगाराने १९३९ च्या ऑक्टोबरात युद्धाविरुद्ध संप केला, त्यालाच आता उत्पादन थांबवू नका असे सांगण्यात येत होते. त्याने काय केले? ऑगस्ट १९४२ च्या आंदोलनात अहमदाबादच्या गिरण्या तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिल्या. मुंबईच्या गिरण्या मात्र थोड्याच दिवसांत चालू झाल्या. याचे श्रेय अथवा दोष संपूर्णपणे कम्युनिस्टांच्या पदरी घालण्याची पद्धत आहे. परंतु अहमदाबादेत मालक व मजूर महाजन या दोघांचाही राष्ट्रीय चळवळीशी जवळचा संबंध होता आणि तेथील कामगार गावी परतू शकले; मुंबईत तशी परिस्थिती नव्हती. उलट, युद्धकाळात तिसरी पाळी, अधिक काम आणि निर्देशांकाप्रमाणे वाढणारा भत्ता मिळत होता. १९४० च्या संपातून नुकताच सावरलेला मनुष्य दुसऱ्यांदा कर्जात बुडण्यास तयार नसेल, तर त्याला नव्या प्रबंधातील तत्त्वज्ञान पटले होते असे गृहीत धरण्याचे कारण नाही. त्याच्या वागण्यात आणि पक्षाच्या धोरणात मेळ पडला, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

मात्र सोव्हिएत संघाविषयीची आत्मीयता ही निव्वळ हिशेबाची बाब नव्हती, हेही मान्य केले पाहिजे, आणि तिच्या निर्मितीत शाहिरांचा वाटा सर्वांत मोठा आहे. अण्णा भाऊ साठे यांनी १९४३ च्या सुमारास स्तालिनग्राडचा पोवाडा रचला. पोवाडा हा शिवकालापासून चालत आलेला आपल्या मातीतील प्रकार. त्यातून व्होल्गाकाठच्या एका शहराची लढाई सांगितली गेल्यामुळे ऐकणाऱ्यास ती सिंहगडाच्या किंवा पावनखिंडीच्या पंक्तीला जाऊन बसल्यासारखी वाटली असली पाहिजे. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ व द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. कामगार मैदानावर डफ वाजला की हजारो माणसे जमत. ज्याला नकाशावर रशिया दाखविता आला नसता, त्याला स्तालिनग्राडचे नाव व तेथील झुंज पाठ होती. अशा ज्ञानाला अज्ञान म्हणावे की ज्ञान, हा तात्त्विक वाद आहे. त्याने मत घडते हे मात्र नि:संशय. पुढे १९६१ साली अण्णा भाऊ प्रत्यक्ष सोव्हिएत संघात जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला.

अफवा हाही लोकमताचाच एक प्रकार होय. १९४२ च्या आरंभी सिंगापूर पडल्यानंतर मुंबईतील अनेक कुटुंबांनी बायकामुलांस गावी पाठविले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. तेव्हा जपान्यांनी बाँब टाकले अशी वदंता क्षणार्धात शहरभर पसरली. गोदीपासून जवळच असलेल्या वस्त्यांत ती खरी मानली गेली यात नवल नाही. पुष्कळांच्या घरची माणसे त्या गोदीत कामाला होती.

युद्ध संपले आणि अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्धाला तोंड फुटले. त्याचा शिरकाव गिरणगावात एका अशा दरवाजाने झाला की ज्याकडे आपल्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. तो दरवाजा म्हणजे कामगार संघटनांचे आंतरराष्ट्रीय संबंध. १९४५ साली पॅरिसमध्ये जागतिक कामगार महासंघ स्थापन झाला आणि आयटक त्यात सामील झाली. मार्शल योजनेवरून या महासंघात फूट पडून डिसेंबर १९४९ मध्ये पाश्चात्त्य देशांतील संघटनांनी लंडनला वेगळा महासंघ काढला; १९४७ साली जन्मलेली इंटक ही त्याच्या संस्थापक घटकांपैकी एक. राष्ट्रीय मिल मजदूर संघ हा इंटकचा. मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ प्रमाणे गिरण्यांत मान्यता त्यालाच होती, आणि त्याचे नेते गं. द. आंबेकर यांचे नाव पुढे नायगावातून जाणाऱ्या रस्त्याला मिळाले. समाजवाद्यांची मिल मजदूर सभा हिंद मजदूर सभेची. ती या दोन्ही गटांपासून आपले वेगळेपण राखू पाहत होती. याप्रमाणे गिरणीच्या दरवाजावर तीन झेंड्यांच्या सभा होत, आणि वॉशिंग्टन, मॉस्को व तटस्थता यांचा वाद वर्गणीच्या पावतीपर्यंत येऊन पोहोचत असे. सामान्य सभासदाने वर्गणी भरली ती महासंघाचे नाव पाहून, असे मी म्हणणार नाही. कोणता पुढारी खात्यातल्या तक्रारीला दाद मिळवून देतो, कोणता आपल्या गावचा, हे तो आधी पाही. परंतु एकदा झेंडा ठरला की त्या झेंड्याचे जगाविषयीचे मतही हळूहळू त्याचे होई.

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध भडकले. त्याच वर्षी १४ ऑगस्टपासून सुमारे दोन लाख गिरणी कामगारांचा बोनससाठी संप सुरू झाला. त्याचे नेतृत्व समाजवाद्यांकडे होते. तो दोन महिने चालला आणि अपयशी ठरला. कोरियातील युद्धाने जगभर कच्च्या मालाचे भाव चढले, कापूसही त्याला अपवाद नव्हता. युद्धाच्या तेजीत गिरण्यांचे नफे वाढतात, आपल्या ताटात मात्र काही पडत नाही, ही १९१९ पासूनची तक्रार या वेळीही होती. कोरियासंबंधी भारताचे धोरण मध्यस्थीचे होते, आणि १९५३ साली युद्धकैद्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल शं. पां. पा. थोरात हे आपल्या कोल्हापूरकडचे असल्यामुळे मराठी वाचकांनी ते प्रकरण बऱ्याच आस्थेने वाचले.

अलिप्ततेच्या धोरणाला गिरणगावात एकमुखी पाठिंबा होता, असा समज आढळतो. तो बरोबर नाही, आणि नायगावपुरता तर नाहीच. सप्टेंबर १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना डॉ. आंबेडकरांनी परराष्ट्र धोरणाविषयीचा असंतोष हेही एक कारण दिले होते. ३५० कोटींच्या महसुलातून १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात, कारण अडचणीत साहाय्य करील असा मित्र आपल्याला उरलेला नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशीलावर टीका केली आणि तिबेटसंबंधीच्या धोरणातील धोका दाखविला. चीनच्या मैत्रीचा जयघोष चालू असतानाचे हे भाषण आहे. त्यांचे शब्द प्रमाण मानणारा मोठा समाज नायगावात राहत होता. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तिबेट हा त्या समाजाच्या दृष्टीने एका बौद्ध देशाचाही प्रश्न झाला. म्हणून एकाच चाळीत दोन मजल्यांवर चीनविषयी दोन मते असू शकत होती. लाल बावट्याचा सभासद असलेला बौद्ध कामगार या दोहोंचा मेळ कसा घालीत असेल, हा प्रश्न कोणी त्याला विचारून ठेविला असता तर आज मोठा उपयोग झाला असता.

चीनविषयीच्या स्नेहाची मुळेही याच परिसरात होती, हे विसरून चालणार नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यास १९३८ साली गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. त्यांच्यावरील चित्रपट व्ही. शांताराम यांनी परळच्याच राजकमल कलामंदिरात काढला. तो १९४६ साली प्रदर्शित झाला. नायगावातून अर्ध्या तासाच्या वाटेवर ज्या माणसाने शिक्षण घेतले तो चीनसाठी मेला, ही भावना ‘हिंदी-चिनी भाई भाई’च्या घोषणेपूर्वीची आणि तिच्याहून खोल होती. १९६२ च्या धक्क्याची तीव्रता समजण्यास हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

ऑक्टोबर १९६२ मध्ये एकाच आठवड्यात जगावर दोन संकटे आली. क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका व सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर गेले, आणि २० ऑक्टोबरला चीनने भारतावर मोठे आक्रमण केले. क्यूबाचे संकट मानवजातीच्या दृष्टीने अधिक भयंकर होते; पण आपल्या लोकांच्या आठवणीत ते जवळजवळ उरलेले नाही. हिमालयाने क्यूबाला झाकून टाकले. याच दिवसांत, जागतिक साम्यवादाशी असलेली निष्ठा आणि देशाशी असलेली निष्ठा यांतून निवड करण्याची पाळी गिरणगावातील कम्युनिस्टांवर आली. पक्षाचे अध्यक्ष श्रीपाद अमृत डांगे होते; १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मध्य मुंबईने त्यांस प्रचंड मतांनी लोकसभेत पाठविले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय परिषदेने १ नोव्हेंबरला चीनचा निषेध करून देशरक्षणास पाठिंबा दिला. पक्षातील दुसऱ्या गटाला ही भाषा मान्य नव्हती. त्यांपैकी अनेकांस तुरुंगात जावे लागले. अहिल्या रांगणेकर, गोदावरी व शामराव परुळेकर ही त्यांतील महाराष्ट्रास परिचित नावे. शामराव १९६५ साली तुरुंगातच निवर्तले. १९६४ मध्ये पक्ष दुभंगला, आणि ती भेग युनियनमधून, वाचनालयांतून, कित्येकदा घराघरांतून गेली. मॉस्को व पेकिंग यांच्यातील वादाची किंमत ज्यांनी प्रत्यक्ष मोजली त्यांत गिरणगावातील कार्यकर्त्यांची गणना करावी लागेल. कामगारांनी राष्ट्रीय संरक्षण निधीला पगारातून पैसे दिले; कृष्ण मेनन पायउतार झाले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून मराठीत रूढ झाले. परराष्ट्रीय संकटाचे रूपांतर प्रादेशिक अभिमानात कसे होते याचा तो एक नमुनाच आहे.

मेनन यांचाच दाखला आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये उत्तर मुंबईत त्यांची व आचार्य कृपलानी यांची लढत झाली. ती पुष्कळशी परराष्ट्र धोरणावर लढविली गेली आणि तिच्याकडे जगातील वृत्तपत्रांचे लक्ष होते. मेनन मोठ्या मताधिक्याने निवडून आले. १९६७ साली ते अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून पराभूत झाले. या पाच वर्षांत मतदारांचे जगाविषयीचे मत पालटले काय? अंशतः असेलही. परंतु १९६६ साली शिवसेना स्थापन झाली होती, तिने बर्व्यांस पाठिंबा दिला, आणि प्रश्न अमेरिका-रशियाचा न राहता मराठी-अमराठीचा झाला होता. मतपेटीतून परराष्ट्रीय लोकमत वाचणाऱ्याने किती सावध असावे, ते यावरून दिसेल.

अमेरिकेविषयीचे मत नायगावात कोणत्या मार्गाने घडले, याचे उत्तर शिधावाटपाच्या दुकानात आहे. १९५६ पासून पी. एल. ४८० या करारान्वये अमेरिकन गहू येऊ लागला. १९६५ व १९६६ ही वर्षे दुष्काळाची; १९६६ साली देशात सुमारे एक कोटी टन धान्य आयात झाले. लाल गहू, पुढे मिलो नावाची ज्वारी, शाळांतून वाटली जाणारी दुधाची भुकटी, यांच्या चवीविषयी गिरणगावात जेवढे विनोद झाले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या वस्तूविषयी झाले असतील. भाकरी थापताना तुटणारे पीठ बायकांनी शिव्या देत मळले. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने मदत रोखली आणि नंतर धान्याच्या बोटी महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडल्या, हे वर्तमानपत्रांतून छापून येत होते. ज्याचे अन्न खातो त्याच्याविषयी कृतज्ञता वाटावी, ही अपेक्षा अमेरिकन राजनीतिज्ञांनी अनेकदा बोलून दाखविली. त्यांना मानसशास्त्र कळले नाही असे म्हणावे लागते. रांगेत मिळालेल्या, निकृष्ट समजल्या गेलेल्या आणि अटी घातलेल्या अन्नातून कृतज्ञता क्वचितच निपजते. याउलट सोव्हिएत मदत पोलादाच्या कारखान्यांच्या, आणि मुंबईत पवईच्या तंत्रज्ञान संस्थेच्या रूपाने दिसे. ती कोणी जिभेवर घेऊन पाहत नव्हते. शिवाय मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके थोड्या पैशांत मिळत, आणि चाळीतल्या मुलांनी रशियन परीकथा त्यांतून वाचल्या. या असमानतेचा परिणाम लोकमतावर झाला. त्यात प्रचाराचा जितका भाग होता तितकाच वस्तूंच्या स्वरूपाचाही होता.

१९७१ साली हे सर्व प्रवाह एकत्र आले. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. डिसेंबरात युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेच्या सातव्या आरमाराचे ‘एंटरप्राइज’ हे जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले. मुंबईत काळोख पाळण्यात आला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटविण्यात आले. एका चाळीत ऐंशी खोल्या म्हणजे ऐंशी घरांनी एकाच वेळी दिवे झाकावयाचे. एखाद्या खोलीतून उजेड दिसला तर खालून हाका येत. डॉ. आंबेडकरांनी वीस वर्षांपूर्वी विचारलेला मित्र कोण हा प्रश्न आता नव्या अर्थाने पुढे आला होता, आणि लाल बावटा, काँग्रेस व इतर बहुतेक पक्ष यांची उत्तरे थोड्या काळापुरती जुळली. इतके एकमत गिरणगावात तत्पूर्वी जागतिक प्रश्नावर झालेले आढळत नाही. ते फार टिकलेही नाही. पुढल्याच वर्षी दुष्काळ आला, महागाईविरुद्ध लाटणी घेऊन स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि लोकांचे लक्ष पुन्हा डब्यातील धान्याकडे वळले.

ज्या यंत्रणेतून ही मते घडत होती ती आज शिल्लक नाही. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, गिरणीच्या दरवाजावरील सभा संपल्या. १९९१ मध्ये सोव्हिएत संघही विसर्जित झाला. अभ्यासासाठी साधने मात्र आहेत. राजनारायण चंदावरकर यांनी वस्ती, तालीम व गिरणी यांच्या संबंधांवर केलेले संशोधन मार्गदर्शक आहे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील सुमारे शंभर माणसांच्या तोंडून मिळविलेला इतिहास २००४ साली ग्रंथरूपाने आला. नायगावच्या ग्रंथसंग्रहालयात जुन्या मराठी नियतकालिकांचा मोठा संग्रह आहे. त्रुटी जाणवते ती शिधावाटपाच्या रांगेची. सभेला गेलेल्या पुरुषांच्या आठवणी कमीअधिक प्रमाणात नोंदल्या गेल्या. मिलोची भाकरी थापणाऱ्या आणि काळा कागद चिकटविणाऱ्या स्त्रीला अमेरिकेविषयी किंवा रशियाविषयी काय वाटले, हे तिला पद्धतशीरपणे विचारलेले दिसत नाही. १९७१ साली विशीत असलेली ती स्त्री आज सत्तरीच्या पुढे आहे, आणि नायगावच्या जुन्या चाळी पाडून त्यांच्या जागी उंच इमारती बांधण्याचे काम चालू आहे.